खोटी पाणकोंबडी

"परत लावा," विक्रांतसर म्हणाले.

स्पीकर पाल्यात ठेवलेला होता आणि त्याचं बटण तिर्कींच्या हातात, पण त्यांनी ते दाबलं नाही. "सर, बहुत हो गया. चिड़िया परेशान हो रही है."

"परेशान होगी तभी तो बाहर आएगी ना? लगाओ."

ही पंधरावी वेळ. मी मोजत होते. राग आला की मी मोजते. जिन्याच्या पायऱ्या, ब्लाउजची हुकं, समोर असेल ते. तोंडातून नको ते निघू नये म्हणून लावून घेतलेली सवय आहे ती, आणि एरवी ती कामाला येते.

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. दिवाळी नुकतीच झाली होती. पोर्ट ब्लेअरहून दक्षिणेला, चिडिया टापूच्या अलीकडे रस्ता सोडून आत उतरलं की एक ओढा लागतो, तिथं आम्ही उभे होतो. दुपारचे चार वाजले होते, पण अंदमानात चार म्हणजे दिवस संपलाच म्हणायचा. झाडांचे बुंधे ओले, पाला ओला, आम्ही ओले. प्रत्येकाच्या मोज्याला दोन-तीन जळवा. आमच्या गटातली दोन जोडपी पहिली जळू बघूनच समुद्रावर निघून गेली होती. उरलो तिघं, आणि चौथे तिर्की. त्यांचे आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामाला इथं आले होते. नातू त्याच जंगलात पक्षी दाखवत फिरायचा.

विक्रांत सरदेसाई म्हणजे आमच्या पक्षीनिरीक्षण गटाचे प्रमुख. पुण्याचे. हाताएवढी नव्हे, मांडीएवढी लेन्स. मी जयसिंगपूरची, ब्लाउज शिवते. दुकानामागे नाला आहे, तिथल्या पक्ष्यांपासून सुरुवात झाली. इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी असं शेजारी शेजारी ठेवून शिकले. कॅमेरा माझ्याकडे खिशात मावणारा, तोही भाच्याचा. पण कान चांगला. सर गटात सगळ्यांना सांगायचे, "आमच्या हेमाताई म्हणजे चालता-बोलता रेकॉर्डर." लोक हसायचे. मीही हसायचे. चांदोलीला मी आवाजावरून एक दुर्मीळ पक्षी ओळखला होता. त्याची नोंद छापून आली ती 'विक्रांत सरदेसाई आणि गट' अशी. गट म्हणजे मी.

स्पीकरचं काम असं असतं: पक्ष्याचा आधी रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा. झाडीतल्या खऱ्या पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत कोणी परका घुसलाय. तो भांडायला बाहेर येतो आणि आपण फोटो काढतो. म्हणजे एखाद्याच्या दारात उभं राहून शिव्या द्यायच्या, आणि तो धावत बाहेर आला की म्हणायचं, जरा हसा. दोन-चारदा लावून थांबायचं असतं. आणि पिल्लांच्या दिवसांत लावायचंच नसतं. सरांनी स्वतः छापलेल्या पत्रकात हे तिसरं कलम होतं.

सोळाव्या वेळी तो आला.

अंदमान क्रेक. पाणकोंबडीच्या जातकुळीतला, पण दलदलीत न राहता ओल्या जंगलात पाल्यावरून चालणारा. या बेटांखेरीज कुठं नाही. उडायचा त्याला कंटाळा, आणि दिसायचा त्याहून जास्त. पण त्या दिवशी तो भररस्त्यात यावं तसा आला. मान ताणलेली, स्पीकरभोवती एक फेरी, दुसरी फेरी. सरांचा कॅमेरा कडकडकड वाजायला लागला. मी पक्ष्याकडं बघत नव्हते. तो जिथून बाहेर आला होता तिथं बघत होते, कारण तिथला पाला हलत होता.

चार काळे गोळे. लोकरीचे असावेत तसे. एकटे.

"सर, पिल्लं आहेत," मी म्हणाले. "बंद करा."

"श्श्!"

वेळूच्या बेटातून तपकिरी काहीतरी खाली उतरलं. भारद्वाज. तिकडचा, मातकट रंगाचा. आमच्याकडं भारद्वाज दिसला की शुभ म्हणतात. माझी आजी त्याला हात जोडायची. त्यानं एक गोळा उचलला, एवढंसं चिं झालं, आणि तो वेळूत गेला. सगळा प्रकार चहाचा एक घोट घ्यावा इतक्या वेळात. क्रेकला कळलंच नाही. तो स्पीकरशी भांडत होता.

मी जाऊन तिर्कींच्या हातातलं बटण दाबलं. आवाज बंद झाला, पक्षी पाल्यात गेला. सरांनी कॅमेऱ्यात बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हलला सगळा. शेपूट तेवढी शार्प आहे. ताई, आणखी अर्धं मिनिट दिलं असतंत तर!"

"सर, भारद्वाजानं पिल्लू नेलं. तुमच्यासमोर."

"निसर्ग आहे, ताई," ते लेन्सला टोपण लावत म्हणाले. "चारातलं एखादंच जगतं नाहीतरी."

मी जळवा मोजल्या. माझ्या डाव्या मोज्यावर तीन होत्या.

मागे पंधरा-वीस पावलांवर श्रीधरकाका उभे होते. श्रीधर खवणेकर, मालवणकडचे, वय शहात्तर, सर्व्हे खात्यातून निवृत्त. ओढ्याकडं उतरतानाच सर त्यांना म्हणाले होते, "काका, तुम्ही इथंच थांबा हं. पाल्यात तुमच्या काठीचा आवाज होतो." काका 'बरं' म्हणाले आणि तिथंच झाडाला टेकून तासभर उभे राहिले. मी परत वर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मला वाटलं, पिल्लाचं त्यांनाही दिसलं.

"तोच," काका म्हणाले. "हेमा, तोच आहे तो."

जीपमध्ये त्यांनी सांगितलं. त्रेसष्ट साली, पंचविशीत, ते सर्व्हेच्या कामाला पोर्ट ब्लेअरला होते. दोन वर्षं. नवं लग्न. क्वार्टरच्या मागे असाच ओढा. रोज संध्याकाळी त्यातून एक आवाज यायचा, खोल, घशातला, अरुंद तोंडाच्या हंड्यातून पाणी ओततात तसा. कमलकाकू तेवढ्यात चहा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आला बघा तुमचा साहेब हाक मारायला." दोन वर्षांत दोघांनी त्याला एकदाही पाहिलं नाही. कंदील घेऊन गेले, चपला हातात घेऊन गेले, नाही म्हणजे नाही. काकू गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली होती. काकांना पक्ष्यांचं तसं वेड नव्हतंच. या सहलीच्या पत्रकातला फोटो बघून त्यांनी सरांना फोन करून एवढंच विचारलं होतं, हा संध्याकाळी ओरडतो का.

"यासाठी आलात तुम्ही?"

"नाहीतर काय जळवांना रक्त द्यायला आलो?" काका म्हणाले. "पण आज ऐकला. आता एकदा दिसला की झालं."

"उद्या तुम्ही माझ्यामागे राहा," मी म्हणाले. "दिसला की मी दाखवते. कोणी काही म्हणू दे."

"शब्द?"

"शब्द."

रोज दिवेलागणीला लॉजच्या व्हरांड्यात आमची यादी व्हायची. ही सगळीकडच्या पक्षीवाल्यांची रीत आहे, आमचीही होती. सर एकेका पक्ष्याचं नाव वाचायचे, कोणी कोणी पाहिला ते सांगायचं, सर टिकमार्क करायचे. नुसता ऐकलेला पक्षी असेल तर सर माझ्याकडं बघायचे. मी मान हलवली की तो यादीत, नाहीतर बाहेर. मला त्याचा अभिमान होता. का नसावा? दहावी पास बाईच्या मानेवर डॉक्टर-इंजिनियर लोकांच्या याद्या ठरत होत्या. पक्षीवाला माणूस बाकी कशातही खोटं बोलेल, बायकोशी, बँकेशी, पण ओळखीत खोटं बोलायचं नाही, हे आमच्यातलं एकच खरं सोवळं.

"उद्या सकाळी परत तिथंच," सर त्या संध्याकाळी म्हणाले. "पिल्लांसकट क्रेक! असा फोटो फारसा कुणाकडं नसेल."

"पिल्लं आहेत म्हणूनच जायला नको, सर," मी म्हणाले. "तिसरं कलम."

"ते नवशिक्यांसाठी असतं. ताई, तुम्ही फोटो काढत नाही ना, म्हणून तुम्हाला सोपं जातं बोलायला."

"मला?"

"मग काय. तुम्ही उद्या फक्त कान द्या. मन इथं लॉजवर ठेवून या." आणि हसले. समुद्रावरून आलेली दोन्ही जोडपीही हसली. सर विनोदी आहेत असं सगळ्यांचं मत होतं.

सकाळी साडेपाचला आम्ही पुन्हा ओढ्यावर. सर ट्रायपॉड लावून पाण्यात उतरलेले, तोंड डाव्या काठाकडं. तिर्की त्यांच्या बाजूला. मी उजव्या काठाला, आणि ठरल्याप्रमाणे काका माझ्या मागे. काठी त्यांनी जीपमध्येच ठेवली होती. माझ्या खांद्याला धरून उतरले होते, आणि सरांनी भुवया उंचावल्या तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले.

सरांनी आज तिर्कींना सांगितलंच नाही. स्पीकर स्वतःच्या कमरेला अडकवला आणि लावला. एक. दोन. तीन. बाराव्या वेळेपर्यंत काही नाही. तेराव्याला डावीकडून लांबून उत्तर आलं. सर लेन्सला चिकटले.

आणि त्याच वेळी माझ्या उजवीकडं, एका पडलेल्या झाडाच्या मुळाखाली, कोणीतरी हळू आवाजात बोलल्यासारखं केलं. भांडणाचा आवाज नव्हे तो. घरातला आवाज. लेकरांना 'इकडं या, पायात येऊ नका' म्हणतो तसा. मी मान न वळवता डोळे फिरवले. दुसरा क्रेक, बहुतेक मादी. अंगाखाली तीन काळे गोळे, एकाचं डोकं बाहेर.

तो आवाज सरांनीही ऐकला. ते वळले. "काय होतं ते? उजवीकडं? हेमाताई?"

मी समोरच बघत राहिले.

"तोच का? पिल्लं तिकडं आहेत का?" त्यांचा हात ट्रायपॉडवर गेला. तीन पावलं टाकली असती तर ते मुळावर पोचले असते. वेळूचं बेट त्याच्या डोक्यावरच होतं, आणि कालचा भारद्वाज काही दुसऱ्या गावाला गेलेला नव्हता.

"पाणकोंबडी आहे," मी म्हणाले.

"पाणकोंबडी? नक्की?"

"पांढऱ्या छातीची पाणकोंबडी, सर. माझ्या दुकानामागच्या नाल्यात सात आहेत. मला कळणार नाही?"

ते थांबले. का नाही थांबणार? माझ्या मानेवर त्यांच्या चार वर्षांच्या याद्या होत्या.

"तुमचा वर गेला," मी म्हणाले. एकदा तोंड उघडलं की पुढचं आपोआप येतं. "ओढ्याच्या वर. आत्ता दोनदा बोलला, लांब जातोय."

सरांनी तिर्कींकडं बघितलं. तिर्कींनी माझ्याकडं. मग मुळाकडं न बघता, अगदी सावकाश म्हणाले, "हाँ सर. ऊपर गया. दीदी सही बोल रही हैं."

सर निघाले. ट्रायपॉड खांद्यावर, पाण्यातून, शेवाळलेल्या दगडांवरून वर. तिर्की मागोमाग, त्यांना आणखी वरची वाट दाखवत.

मी माझा रेनकोट दोन्ही हातांनी पसरून मुळाकडं पाठ न करता आडवी उभी राहिले, सर वळून बघतील तर काही दिसू नये म्हणून. वरून धप्प असा आवाज आला आणि सरांची शिवी. मग आणखी एकदा धप्प. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चांदोली आठवली. 'मन लॉजवर ठेवून या' आठवलं. मी तो घसरण्याचा एकेक आवाज कान देऊन ऐकत होते, पक्ष्याचा ऐकावा तसा. समोर चार मीटरवर या बेटांचा सगळ्यात लाजाळू पक्षी पिल्लांना पंखाखाली घेऊन बसला होता, आणि मी ऐकत होते विक्रांत सरदेसाई किती वेळा पडतात ते.

"हेमा," मागून काका हळूच म्हणाले. "काही आहे का गं तिथं?"

"काही नाही, काका," मी वळलेही नाही. "पाणकोंबडी."

सहा मिनिटं तरी असेल तो वेळ. मग मादी उठली, पिल्लांना घेऊन मुळामागच्या पाल्यात शिरली, आणि संपलं.

सर तासाभरानं खाली आले ते गुडघ्यापर्यंत चिखल आणि मानेवर जळू घेऊन. "काही नाही वर," म्हणाले. "वेळ फुकट गेला." आम्हाला परत फिरावं लागलं, कारण गटाची दुपारची बोट होती. सहलीचा तो शेवटचा दिवस.

संध्याकाळी व्हरांड्यात यादी.

"पांढऱ्या छातीची पाणकोंबडी," सरांनी वाचलं. "सकाळी ओढ्यावर एक. हेमाताईंनी ऐकली." मी मान हलवली. टिकमार्क. "अंदमान क्रेक. काल एक, फोटोसह. आज एक, लांबून ऐकला. खवणेकरकाका, तुम्हालाही ऐकलेला म्हणून टिक करू? ऐकलेला चालतो यादीत."

"माझं नाव कशातच घालू नका," काका म्हणाले आणि उठले.

मी त्यांच्यामागे व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले. ते कठड्याला धरून उभे होते.

"काका, काय झालं?"

"मला पाणकोंबडी सांगतेस?"

मी मागे वळून बघितलं, सर अजून यादी वाचत होते.

"दोन वर्षं, रोज संध्याकाळी. मोठा आवाज ऐकलाय, बारीक ऐकलाय, पावसातला ऐकलाय. तुझे कान चांगले असतील बाई, पण माझेही काही भाड्यानं आणलेले नाहीत."

"सर तिकडं गेले असते, काका. पिल्लं होती. काल एक त्यांच्यामुळं भारद्वाजानं नेलं, तुम्हाला मागे उभं केलं होतं म्हणून दिसलं नाही. मी दुसरं काय करणार होते?"

काका माझ्याकडं वळले. पिल्लाचं त्यांना माहीतच नव्हतं.

"त्याला सांगितलंस ते बरोबर केलंस," ते म्हणाले. "मीही तेच सांगितलं असतं. मला का?"

 उत्तरं सुचली बरीच. तुम्ही हलला असता, तुम्ही काही बोलून गेला असता, पक्षी उठला असता. एकही खरं नव्हतं. काका आदल्या दिवशी तासभर झाडाला टेकून पापणी न हलवता उभे राहिले होते.

"मला तुमची आठवणच राहिली नाही," मी म्हणाले. "मला सरांचा राग आला होता."

"अस्सं." ते कठड्यावर बोटं आपटायला लागले. "तो निदान तोंडावर सांगतो. काका, मागे थांबा. तू मला पुढं नेलंस, आणि पुढं नेऊन मागे ठेवलंस."

"उद्या पहाटे जाऊ. विमान अकराला आहे. तिर्कींना सांगते, आपण तिघंच, लांबून, स्पीकर नाही, काही नाही…"

"आणि पिल्लांचं काय?"

"आपण त्रास नाही देणार."

"दोन दिवस त्यांच्या दारात धिंगाणा झालाय, हेमा. विक्रांत तिसऱ्यांदा गेला तर वाईट, आणि तू मला घेऊन गेलीस तर चांगलं, होय?" त्यांचा आवाज चढला होता. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "मला नाही जायचं. मला नाही बघायचा. तू मला त्या वेळी नुसतं बोट दाखवलं असतंस, तर एवढंसं पुरलं असतं."

ते खोलीत गेले. कडी लावल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी सरांना सांगितलं. बॅगा पट्ट्यावरून आत गेल्यावर, ट्रायपॉडसकट. तेवढी अक्कल मला होती.

"कालच्या यादीत दुरुस्ती आहे, सर. सकाळची ती पाणकोंबडी नव्हती. क्रेक होता. तीन पिल्लांसह. खवणेकरकाकांनी आवाज बरोबर ओळखला होता. त्यांच्या नावावर टिक करा."

सरांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता पडतात. "तुम्ही… खोटी ओळख सांगितलीत? मुद्दाम? मला?"

"हो."

"तुम्हाला कळतंय का हे काय आहे? मी तुम्हाला जयसिंगपूरच्या नाल्यातून उचलून इथपर्यंत आणलं! आणि तुम्ही माझ्या यादीत खोटं घातलंत?"

"तुमच्या यादीत परवाची तारीख काढा," मी म्हणाले. माझाही आवाज आता खाली राहिला नव्हता. "क्रेक एक, फोटोसह. बरोबर? आणि भारद्वाजानं नेलेलं पिल्लू कुठल्या रकान्यात लिहिलंत, सर? का ते तुमच्या लेन्समध्ये आलं नाही म्हणून खरं नव्हतं?"

सुरक्षा तपासणीच्या रांगेतली माणसं पुढं सरकायची थांबली होती. आमच्या गटातल्या दोन्ही जोडप्यांनी आपापले फोन काढून त्यात बघायला सुरुवात केली.

"तुमची एकही नोंद आता कोणी धरणार नाही," सर म्हणाले. "एकही. चार वर्षांतली सगळी मी काढून टाकीन."

त्यांनी शब्द पाळला. आठवड्याच्या आत गटावर सूचना आली: हेमलता चौगुले यांच्या नोंदी पुराव्याशिवाय घेऊ नयेत. पुरावा म्हणजे फोटो. चांदोलीचा पक्षी तेवढा राहिला, कारण त्यावर माझं नाव नव्हतंच. मला त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. दोन महिने मी सकाळी नाल्याकडची खिडकी उघडली नाही, गिऱ्हाइकांना वाटलं आजारी आहे. पण सरांना जे सांगितलं त्याबद्दल मला तेव्हाही लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. उद्या पुन्हा सांगेन.

विमानात माझी जागा काकांच्या शेजारी होती. बदलून घ्यावी असं मनात आलं, पण कोणाशी बदलणार? त्या दिवशी माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. काका खिडकीशी. पट्टा बांधताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. विमान उठलं, बेटं खाली गेली, हिरवी, मग निळसर, मग ढग आले.

अर्ध्या तासानं काका खिडकीकडं बघतच म्हणाले, "कसा होता?"

"काका…"

"सांग. नीट सांग. काही गाळू नकोस, आणि मला बरं वाटावं म्हणून काही घालूही नकोस."

मी सांगायला लागले. अंग पिकलेल्या चिंचेच्या रंगाचं, डोक्यापासून पाठीपर्यंत एकच, कुठं जोड नाही. पोटाखाली काळे-पांढरे आडवे पट्टे, बारीक, ते ती उठली तेव्हाच दिसले. चोच फिकट, हिरवट पिवळी. डोळा लाल.

"पाय?"

"हिरवट. चिखल होता त्यावर."

"शेपूट?"

"लांब. तुम्हाला वाटेल त्यापेक्षा लांब. चालताना हलवत होती."

"आणि पिल्लं?"

"काळी. एक सारखं डोकं बाहेर काढत होतं आणि ती चोचीनं परत आत ढकलत होती."

काकांनी डोळे मिटले होते. ओठ किंचित हलत होते, मी सांगितलेलं पुन्हा म्हणत असावेत तसे.

"फोटो काढलास?"

"नाही."

"बरं केलंस." मग थोड्या वेळानं, "तुझ्यापासून किती अंतरावर होती?"

"चार मीटर असेल."

"आणि मी?"

"तुम्ही माझ्या मागे. दोन पावलं."

काकांनी डोळे उघडले. आयुष्यभर अंतरं मोजलेला माणूस, त्यांना हिशेब करायला वेळ लागला नाही.

"म्हणजे साडेपाच," ते म्हणाले, आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. चेन्नई येईपर्यंत ते फिरवलेलंच होतं.